पहिलं गेम-परीक्षण: वही उघडण्यापासून मजकूर बाहेर जाईपर्यंत

"ग्राफिक्स अप्रतिम, स्टोरी जबरदस्त, कंट्रोल स्मूथ, फक्त शेवट थोडा घाईत. दहापैकी आठ." नव्याने लिहिणाऱ्यांची बहुतेक परीक्षणं अशी असतात. ती वाचून डोंबिवलीतल्या कॉलेजच्या पोराला नेमकं हवं ते कळत नाही: आपले ४,९९९ रुपये यात घालावेत की नाही? वरचं वाक्य क्रिकेटच्या गेमलाही चिकटतं आणि भुताच्या गेमलाही. ज्या वाक्यातलं गेमचं नाव बदललं तरी चालतं, ते वाक्य परीक्षणात नको. पुढे जे काही सांगितलं आहे ते सगळं या एका कसोटीसाठी.

मराठीत परीक्षणाची सवय जुनी आहे. शिवाजी मंदिरात नाटकाचा प्रयोग बघायचा आणि घरी येऊन लिहायचं. पण तो प्रयोग पहिल्या रांगेत बसलेल्याला आणि बाल्कनीतल्याला एकच दिसतो. गेम खेळणाऱ्याच्या हातातून घडतो, आणि दोघांच्या हातून तो दोन वेगळ्या तऱ्हांनी घडतो. म्हणून आपल्या बोटांनी काय केलं आणि गेमने त्याला काय उत्तर दिलं, हेच नोंदायचं असतं. ते रात्री आठवत नाही. त्यासाठी वही लागते, फोनमधली नव्हे, कागदाची, कारण फोन बऱ्याचदा खेळण्यातच अडकलेला असतो.

पहिले तीन गेम

पहिल्याच फटक्यात शंभर तासांचा ओपन-वर्ल्ड (मोठ्या मोकळ्या जगात हवं तिथे फिरायचा) गेम घेऊ नका. तो संपत नाही, मग अर्धवट खेळून पूर्ण खेळल्यासारखं लिहिलं जातं आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. तीन वेगळ्या जातीचे छोटे गेम घ्या. 'वेंबा' (२०२३) ही कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची, स्वयंपाकाच्या कोड्यांतून सांगितलेली गोष्ट. ती एका बैठकीत संपते. 'सेलेस्ट' (२०१८) हा डोंगर चढण्याचा, उड्या आणि कसरतींचा गेम. तिसरा, तुम्ही रोज फोनवर खेळता तोच. सवयीच्या गेमबद्दल लिहिणं सर्वांत अवघड असतं, कारण त्यातलं काहीच आता डोळ्यांना खुपत नाही. म्हणूनच तो यादीत हवा.

प्रत अधिकृत हवी. कायद्याचा मुद्दा आहेच, पण परीक्षणाच्या दृष्टीने दुसरं कारण मोठं आहे. क्रॅक केलेली प्रत बहुधा जुन्या आवृत्तीची असते, नंतरच्या दुरुस्त्या तिच्यात नसतात आणि ती मध्येच बंद पडली तर दोष गेमचा की क्रॅकचा हे सांगता येत नाही. लॅमिंग्टन रोडवरून जुनी डिस्क आणलीत तरी हरकत नाही. मात्र डिस्कवर ती छापली गेली त्या वेळची आवृत्ती असते. कन्सोल नेटला जोडा, अपडेट पूर्ण होऊ द्या आणि आवृत्तीचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेत असाल तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. गेम चालू ठेवून जेवायला गेलात तर तो वेळही या दोन तासांत धरला जातो.

आधी आपलं यंत्र

दोष टीव्हीचा आणि बोलणी गेमला, हा अन्याय नवख्या परीक्षणांत फार दिसतो. टीव्ही चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून प्रत्येक फ्रेमवर, म्हणजे हलत्या दृश्यातल्या एकेका स्थिर चित्रावर, स्वतःची प्रक्रिया करतो, त्यात वेळ जातो आणि बटण दाबल्यावर पात्र उशिरा हलतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. ब्लूटूथ इअरफोन काढून वायरचे लावा. ब्लूटूथमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडणं नेहमीचं आहे आणि तालावर बटण दाबायच्या गेममध्ये तेवढ्याने सगळा खेळ बिघडतो.

पीसीवर आरटीएसएससारखा फ्रेम मोजणारा प्रोग्रॅम लावून ठेवा. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, ३० फ्रेम म्हणजे ३३.३. नुसती सरासरी लिहू नका. सरासरी ५८ असतानाही दर पाच सेकंदांनी एक फ्रेम ८० मिलिसेकंद अडखळत असेल तर हाताला तो धक्का जाणवतो आणि सरासरीत तो दिसत नाही. फ्रेम-टाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख बघा, सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडा बघा. आणखी एक गोष्ट: ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या) साध्या स्क्रीनवर स्थिर ३० फ्रेम ४५ पेक्षा बऱ्या दिसतात. स्क्रीन ठरलेल्या ठेक्यात बदलते. ३० ला प्रत्येक फ्रेम बरोबर दोन ठेके टिकते, ४५ ला कधी एक, कधी दोन. म्हणून हालचाल लंगडते. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, रिझोल्यूशन आणि सेटिंग एका ओळीत लिहून ठेवा. ती ओळ परीक्षणाच्या शेवटी तशीच जाते.

फोनचं गणित मुंबईत उन्हाळ्याचं गणित असतं. मे महिन्यात पंख्याखाली बसून खेळलात तर वीसेक मिनिटांत फोन तापतो, मग चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते आणि गेम अडखळू लागतो. पहिल्या दहा मिनिटांवर निकाल देऊ नका. कव्हर काढा, चार्जरला लावून खेळू नका, ब्राइटनेस अर्ध्यावर ठेवा आणि अर्ध्या तासानंतरची स्थिती नोंदा. खोलीत एसी होता की नाही तेही लिहा.

फोनच्या गेमची दुसरी परीक्षा लोकलमध्ये होते. एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या हातात फोन: अंगठा सगळ्या बटणांपर्यंत पोचतो का? दोन स्टेशनांमध्ये एखादा डाव पूर्ण होतो का? मध्येच फोन आला तर गेम आहे तिथे थांबतो, की परत सुरुवातीला नेतो? भुयारी मेट्रोत नेटवर्क गेलं तर एकट्याने खेळायचा भागही बंद पडतो का? वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची खेळण्याची वेळ हीच असते, त्यामुळे या चार उत्तरांचं वजन ग्राफिक्सपेक्षा जास्त.

वही कशी भरायची

पहिल्या तासात दर दहा मिनिटांनी थांबा आणि तीन ओळी लिहा: आत्ता हात काय करत होते, डोक्यात काय चाललं होतं, काय कळलं नाही. "कंटाळा" असं लिहू नका. "चौथ्यांदा तेच तीन दरवाजे, प्रत्येकासाठी चावी मागे जाऊन आणायची" असं लिहा. दुसऱ्या तासापासून दर अर्ध्या तासाला एक नोंद पुरे. मरता त्या प्रत्येक वेळी एक खूण करा आणि शेजारी एक अक्षर: चूक माझी असेल तर 'मा', गेमची असेल तर 'गे', कळलंच नाही तर '?'. शेवटी या अक्षरांची बेरीज करा. प्रश्नचिन्हं जास्त असली तर गेम शिकवण्यात कमी पडतोय, हे विधान तुम्ही आता हवेत करत नाही.

हे जवळून बघायचं तर 'सेलेस्ट'मधली उडी घ्या. "उडी मारायला मजा येते" ही भावना खरी आहे, पण ती का येते ते शोधायचं. कड्याच्या टोकाकडे पळत जा आणि पाय सुटल्यावर, म्हणजे खरं तर उशीर झाल्यावर, उडीचं बटण दाबा. दहा वेळा करा. लक्षात येईल की थोडा उशीर गेम माफ करतो: जमीन सुटल्यानंतरही सेकंदाच्या साधारण दहाव्या भागापर्यंत उडी मान्य होते. आता बटण नुसतं टेकवा, मग दाबून धरा, उंची बदलते. मग एकदा डॅश, म्हणजे हवेतली झटक्याची झेप, वापरून हवेतच दुसऱ्यांदा डॅशचं बटण दाबा. काही होत नाही, आणि मॅडलिनचे, म्हणजे आपण खेळवतो त्या पात्राचे, लाल केस निळे झालेले दिसतात. डॅश शिल्लक आहे का, हे सांगायला कोपऱ्यात वेगळा आकडा नाही. नजर जिथे आधीच खिळलेली असते त्या पात्राच्या केसांवरच ते लिहिलेलं आहे. वहीत या तीन नोंदी असल्या की "कंट्रोल स्मूथ" लिहायची गरज उरत नाही. शंभर वेळा मरूनही राग स्वतःवर येतो, गेमवर येत नाही. तो का, ते वाचकाला दाखवता येतं.

प्रत्येक जातीला तिचे प्रश्न

रेसिंगच्या गेमला कथेवरून आणि कथेच्या गेमला वेगावरून मोजणं ही नवख्यांची नेहमीची चूक. गेमने काय कबूल केलं होतं ते आधी एका वाक्यात लिहा, मग ते पाळलं का ते बघा.

'वेंबा'त पहिलाच पदार्थ इडली. वेंबा ही या कुटुंबातली आई, आणि तिच्या आईच्या पाककृतींच्या वहीतला मजकूर खराब झालेला आहे, आणि वाफ सगळीकडे पोचेल अशी ताटं रचायची आहेत. आपल्याकडे इडलीपात्र लावलेलं माणूस हे विचार न करता करतं. ज्याने ते भांडं पाहिलेलंच नाही तो चाचपडतो. इथे तुमच्या वहीत दोन गोष्टी हव्यात: कोडं सुटलं, आणि ते घरच्या माहितीवर सुटलं. तुम्ही "कोडी फार सोपी" लिहिलंत तर ते तुमच्या स्वयंपाकघराचं परीक्षण होईल. खरा प्रश्न वेगळा: पाककृतींची वही वाचून अंदाज बांधण्याची जी क्रिया आपल्याकडून करून घेतली, ती वेंबाच्या आठवणींशी जुळते का? आमच्या मते घट्ट जुळते, आणि दीड-दोन तासांचा गेम इतका मनात राहतो तो त्यामुळेच.

अवघडपणाबद्दल लिहिताना "अवघड" हा शब्द एकटा सोडू नका. 'सेलेस्ट'मध्ये असिस्ट मोड आहे: गेमचा वेग दहा-दहा टक्क्यांनी ५० टक्क्यांपर्यंत खाली आणता येतो, दमणं बंद करता येतं, मरणंही बंद करता येतं. 'हेडीज' (२०२०) मधला गॉड मोड तुम्हाला बसणारा मार आधी २० टक्क्यांनी कमी करतो आणि दर मरणाला आणखी २ टक्के, असं ८० पर्यंत नेतो. 'सेकिरो' (२०१९) असला पर्यायच देत नाही. तिन्ही निर्णय विचारपूर्वक घेतलेले आहेत. काय उपलब्ध आहे, तुम्ही काय वापरलंत आणि त्याने खेळ कसा बदलला हे लिहा. सोपा पर्याय वापरला म्हणून परीक्षण खालच्या दर्जाचं ठरत नाही; वापरून लपवलं तर ठरतं.

ऑनलाइन गेममध्ये तुमचा पत्ता निकालात मिसळतो. 'व्हॅलोरंट' या ऑनलाइन नेमबाजीच्या गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत. अंधेरीत बसून मिळणारा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) गडचिरोलीत मोबाइल डेटावर खेळणाऱ्याला मिळणार नाही. "लॅग अजिबात नाही" हे वाक्य म्हणून अपुरं. शहर, वायर की वायफाय, वेळ आणि आकडा लिहा. टॉवरमध्ये राहत असाल तर वरच्या-खालच्या प्रत्येक घरात राउटर असतो आणि वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा खचाखच भरलेला असतो. लॅन केबल लावा, निदान ५ गिगाहर्ट्झवर जा. रात्री नऊ ते अकरा आणि सकाळी, अशा दोन्ही वेळा तपासा. एकट्या पराभवाच्या रागात लिहू नका, पंधरा-वीस सामने तरी होऊ द्या.

फुकट मिळणाऱ्या गेममध्ये हिशेब हाच मजकूर. 'गेनशिन इम्पॅक्ट'चं घ्या. त्यात नवी पात्रं सोडतीतून मिळतात, एक सोडत म्हणजे एक प्रयत्न. पंचतारांकित, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचं, पात्र मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के, ९० व्या प्रयत्नापर्यंत एक नक्की मिळतं, पण ते हवं तेच पात्र असेल असं नाही. तसं झालं नाही तर पुढचं हमखास हवं ते. म्हणजे नशीब पूर्ण रुसलं तर १८० प्रयत्न. एका प्रयत्नाला १६० प्रायमोजेम (गेममधलं चलन), म्हणजे एकूण २८,८००. रोजच्या कामांचे दिवसाला ६० मिळतात. फक्त त्यावर अवलंबून राहिलात तर ४८० दिवस. इव्हेंट आणि नव्या भागांतून आणखी मिळतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा कमी होतो, पण तो किती कमी होतो हे तुमच्या वहीतल्या एका महिन्याच्या जमेवरून सांगा. लहान भावंडाच्या हातात फोन देणाऱ्या ताईला "थोडं पे-टू-विन आहे" यातून काही कळत नाही, या चार ओळींतून कळतं. पैशांची पैज लावायच्या ॲपचं मात्र "परीक्षण" करायला कोणी सांगितलं तर नाही म्हणा: ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्यात त्यांच्या जाहिरातीलाही मनाई आहे.

पडद्यावर आपला गाव आला की

'हिटमॅन २' (२०१८) मध्ये मुंबईचा एक मोठा भाग आहे: चाळी, धुलाईखाना, रेल्वे यार्ड, अर्धवट बांधलेला टॉवर आणि चित्रपटाचं शूटिंग. मुंबईकर लिहिणाऱ्याचा हात इथे सरळ "हे असं नसतं" या यादीकडे जातो. यादी करा, पण तिथे थांबू नका. जागा खेळाच्या कामी कशी येते ते बघा. यात तुम्ही भाडोत्री मारेकरी असता, आणि या गेमचं मूळ वेषांतर. धुलाईखान्यात दुसऱ्यांचे कपडे असतात, शूटिंगच्या सेटवर अनोळखी माणसांची वर्दळ असते, चाळीत एका दारातून दुसऱ्याकडे जाताना कोणी चमकत नाही. तीन लक्ष्यांपैकी मेलस्ट्रॉमचा चेहराच माहीत नसतो, तो गर्दीतून ओळखून काढायचा असतो. गर्दी इथे सजावट नाही, कोडं आहे. शहर नकाशासारखं अचूक नसलं तरी शहराचा हा गुण गेमला सापडला का, हा प्रश्न मुंबईत राहणारा जास्त चांगला विचारू शकतो.

'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' (२०१७) पश्चिम घाट आणि होयसळांचं राज्य घेऊन येतो, बेलूर-हळेबीडूला गेलेल्याने तिथलं शिल्प आणि इथलं शिल्प शेजारी ठेवून लिहावं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) आपल्या मातीतला आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने त्याला सवलत देऊ नये. लढाईत हत्यार बदलताना हात अडतो का, कड्यावरून उडी चुकते ती का, हे 'सेलेस्ट'ला विचारलं तेच त्यालाही विचारा. आपल्या माणसांच्या कामाचा मान बारकाईने बघण्यात आहे.

लिहायला बसताना

खेळ संपल्यावर एक रात्र जाऊ द्या. मग वहीतून तीनच नोंदी निवडा: एक जिथे गेमने शब्द पाळला, एक जिथे मोडला, आणि एक जी अजून डोक्यातून जात नाही. प्रत्येकीचा एक परिच्छेद. सुरुवात कंपनीच्या इतिहासाने करू नका. वाचकाला थेट खेळात उतरवा. कथेचा आढावा चार ओळींवर गेला तर तो कापा. पहिल्या तासात जे कळतं तेवढंच सांगा. त्यापुढचं सांगणं अगदी गरजेचं असेल तर आधीच्या ओळीत तशी स्पष्ट सूचना द्या.

भाषेबद्दल. बॉस, लेव्हल, सेव्ह, कंट्रोलर हे शब्द तसेच ठेवा, त्यांना संस्कृत प्रतिशब्द शोधत बसू नका. पण हालचाल आणि स्पर्श सांगायला मराठीत असे शब्द आहेत की ते वापरायचे राहून गेले तर वाईट वाटतं: पात्र घसरतं, सटकतं, रेंगाळतं, झेपावतं, तलवार बसते किंवा नुसती लागते, गाडी वळणावर मागून सुटते. "मूव्हमेंट फ्लुइड आहे" यापेक्षा "थांबायला सांगितलं की पात्र अर्धं पाऊल पुढे घसरून थांबतं" हे वाचणाऱ्याच्या अंगठ्याला कळतं.

गुण द्यायचेच असतील तर मजकूर पूर्ण झाल्यावर द्या. आधी दिलेला आकडा नकळत वाक्यं वाकवतो. आम्हाला आकड्यापेक्षा शेवटची एक ओळ जास्त उपयोगी वाटते: कोणासाठी, किती किमतीला, कोणत्या यंत्रावर. "सेलमध्ये अर्ध्या किमतीला आला तर घ्या, पण जुन्या कन्सोलवर नको" यात वाचकाचे पैसे वाचतात.

गेम फुकट मिळाला असेल तर ते पहिल्या परिच्छेदातच सांगा. भारतीय जाहिरात मानक परिषदेची इन्फ्लुएन्सरसाठीची नियमावली जून २०२१ पासून आहे आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसेच नव्हे, फुकट मिळालेली वस्तूही त्यात मोडते. कंपनीने घातलेल्या अटीही वाचकाला कळायला हव्यात. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा आधी परीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली होती. जुन्या कन्सोलवर तो किती कोलमडतो हे लोकांना विकत घेतल्यावर कळलं आणि काही दिवसांतच सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. जून २०२१ मध्ये तो परत आला. ज्या यंत्रावर खेळला नाहीत त्याबद्दल "खेळलो नाही" एवढे दोन शब्द लिहा.

मजकूर बाहेर गेला की वही आणि सेव्ह फाइल दोन्ही जपून ठेवा. शेवटच्या लढाईआधीचा एक सेव्ह आणि गेम जिथे सर्वांत जास्त अडखळला तिथला एक, असे दोन वेगळे ठेवलेत तर मोठं अपडेट आल्यावर अर्ध्या तासात पुन्हा तपासता येतं: तीच जागा, तीच सेटिंग, तोच आलेख. जुना मजकूर पुसू नका. वर तारीख आणि नवीन आवृत्तीचा क्रमांक टाका, काय सुधारलं आणि काय तसंच राहिलं ते तीन-चार ओळींत जोडा, आणि आधीचं परीक्षण खाली होतं तसं राहू द्या.